कुपवाडच्या ट्रॉलीवाल्या मिस्त्रींनी बनवलेलं स्क्रम मशीन

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं बनवणाऱ्या वर्कशॉपशी क्रीडाशिक्षिकेचा एरवी काही संबंध येत नाही. आलाच तर मैदानाचं फाटक निखळल्यावर. पण सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या या मिस्त्रींकडून मी आमच्या शाळेच्या रग्बी टीमसाठी स्क्रम मशीन बनवून घेतलं (स्क्रम म्हणजे दोन्ही टीमचे गडी वाकून खांद्याला खांदा भिडवतात आणि मधल्या बॉलसाठी एकमेकांना रेटतात तो प्रकार, मशीन त्याच्या सरावाला), आणि तेव्हापासून तासगाव, पलूस, पार विट्यापर्यंतच्या शिक्षकांचे फोन सुरू झालेत. कुठून आणलं, केवढ्याला पडलं, टिकतंय का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

निकाल आधीच सांगते. काम पक्कं, वेल्डिंग एक नंबर, आणि माणूस स्वतःचं डोकं चालवतो. दिलेली तारीख पाळायची असते हे मात्र त्यांच्या गावीच नाही. पाचपैकी चार.

ऑर्डर द्यायच्या आधी घरात एक वाद झाला, तो सांगितला पाहिजे, कारण हे मशीन नेमकं कशासाठी असतं ते त्यातच आलं. माझ्या बहिणीचा मुलगा ओहायोत वाढलाय. सुट्टीला आमच्याकडे विश्रामबागला आला होता. अमेरिकन फुटबॉलचं त्याला भयंकर वेड. शनिवारी कॉलेजच्या मॅचेस, रविवारी एनएफएल ही व्यावसायिक लीग, आणि इथे आला तरी अपरात्री उठून मोबाईलवर तेच. मी स्क्रम मशीनचा विषय काढला तर म्हणतो, "मावशी, हे तर आमच्या हायस्कूलमध्ये होतं. ब्लॉकिंग स्लेड म्हणतात त्याला." आणि फोटो काढून दाखवला. लांब लोखंडी सांगाडा, त्यावर माणसाच्या धडाएवढ्या उभ्या गाद्यांची रांग, आणि मागे वजन म्हणून स्वतः कोच चढून उभा. "हाच फोटो मिस्त्रींना दे. विषय संपला."

फोटो बघून कुणालाही तसंच वाटेल. पण तो फोटो दिला असता तर पैसे पाण्यात गेले असते. ब्लॉकिंग स्लेडवर लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला अडवणारा गडी, खाली वाकून बसतो, इशारा झाला की उसळतो आणि गादीला खालून वर दणका देतो. दणका, मग चार पावलं रेटा, झालं. त्यांचा एकेक डाव पाच-सात सेकंदांचा, त्यामुळे सगळी ताकद त्या पहिल्या क्षणात ओतायची असते. स्क्रममध्ये असा दणका देणं म्हणजे पेनल्टी ओढवून घेणं. रेफरी 'क्राउच' म्हणाला की वाकायचं. 'बाइंड' म्हणाला की दोन्हीकडच्या प्रॉपनी, म्हणजे पहिल्या रांगेतल्या कडेच्या दोघांनी, बाहेरच्या हातानं समोरच्या प्रॉपची जर्सी धरायची. आणि 'सेट' म्हटल्यावरच खांदे भिडवायचे. मधली ही जर्सी धरून ठेवायची पायरी 2013 मध्ये आणली, ती दोन टीम लांबून येऊन एकमेकींवर आदळू नयेत म्हणूनच. भिडल्यावरसुद्धा बॉल आत येईपर्यंत दम धरायचा. त्यानंतर जो रेटा लागतो तो आठ जणांचा मिळून, एका लयीत आणि सलग.

हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते एका वाक्यात म्हणाले, "म्हंजे चिखलात उसाची ट्रॉली रुतल्यावर काढतो तसं. झटकं दिलं की चाक आणखी खाली जातं, सगळ्यांनी एकदम खांदा लावून दाबत ऱ्हायलं की निघतं." भाच्याला अर्ध्या तासात जे पटलं नव्हतं ते यांना चहा यायच्या आत कळलं होतं.

भाचाही काही कमी नाही. म्हणतो, फिलाडेल्फिया ईगल्सचा 'टश पुश' काय असतो मग? डाव मांडणारा क्वार्टरबॅक बॉल घेऊन पुढे घुसतो आणि मागून त्याचेच गडी त्याला ढकलतात, एक यार्ड मिळवायला. मुद्दा बरोबर आहे, आणि ईगल्सनी त्यासाठी रिची ग्रे या स्कॉटिश रग्बी कोचचा सल्लाही घेतला होता. 2025 मध्ये तो डाव बंद करायचा ठराव एनएफएलच्या मालकांपुढे आला, पण पुरेशी मतं पडली नाहीत. तरी तो स्क्रम नव्हे. तिथे बॉल कोणाचा हे आधीच ठरलेलं असतं. स्क्रममध्ये बॉल मधल्या बोगद्यात टाकला जातो आणि दोन्हीकडच्या हुकरना, म्हणजे पहिल्या रांगेत मधोमध असणाऱ्यांना, तो पायानं मागे ओढायचा हक्क असतो.

खरं तर अमेरिकन फुटबॉलमध्येही आधी स्क्रमच होता. 1880 मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पनं तो काढायला लावला. टीम अकरा जणांची झाली, आणि बॉल एका बाजूच्या ताब्यात देऊन सेंटरनं तो मागे द्यायचा असं ठरलं. मग ज्यांच्याकडे बॉल आहे ते सोडेनातच, म्हणून 1882 मध्ये डाउन्स, म्हणजे मोजके प्रयत्न, आले. तेव्हा तीन प्रयत्नांत पाच यार्ड, नाहीतर बॉल समोरच्यांना. पुढे टाकायचा पास 1906 मध्ये कायदेशीर झाला. म्हणजे भाच्याच्या खेळाचं जे काही वैशिष्ट्य आहे ते स्क्रम काढल्यानंतर जी जागा रिकामी झाली तिथे उगवलेलं आहे. त्याला सांगितलं तर तो गप्प झाला, आणि मग अमेरिकेनं 1920 आणि 1924 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं रग्बीत जिंकलीत हे ऐकल्यावर त्यानं मोबाईल काढून खात्री करून घेतली. 2031 चा पुरुषांचा वर्ल्ड कपही अमेरिकेतच आहे, तेव्हा त्याला आत्तापासून अभ्यासाला लावलाय.

असो. वर्कशॉपकडे येते.

फोटो न नेता मी टीममधल्या तीन पोरी नेल्या. मिस्त्री तरुणपणी तालमीत होते, कान अजून पैलवानाचेच आहेत. म्हणाले, "मॅडम, तोंडी नको, करून दावा." शेडमध्ये एक अर्धवट ट्रॉली उभी होती, नुसता सांगाडा. पोरींनी तिच्यासमोर बांधणी केली. मधे हुकर, तिचे दोन्ही हात दोन्हीकडच्या प्रॉपच्या खांद्यांवरून, प्रॉपचे आतले हात तिच्या पाठीवरून. तिघी वाकल्या आणि खांदे ट्रॉलीच्या आडव्या पाइपाला टेकवले. मिस्त्री पलीकडून उकिडवे बसले आणि मधलीच्या गळ्याचं हाड आणि पाइप यांच्यामध्ये आपला तळवा सरकवला. तळवा बाहेर काढला, बघितला आणि विचारलं, "डोस्कं कुठं जाणार हिचं?"

या एका प्रश्नावर मशीन ठरलं. ब्लॉकिंग स्लेडवर एका माणसासमोर एक गादी असते, डोकं वर असतं, खांद्यानं आणि हातांनी मारायचं. स्क्रममध्ये डोकी समोरच्यांच्या डोक्यांच्या मधल्या फटींत जातात, म्हणून मशीनवर गाद्यांपेक्षा फटी महत्त्वाच्या. मिस्त्रींनी खिशातला खडू काढून फरशीवर चार चौकोन आखले, मधे तीन मोकळ्या जागा, आणि पोरींना त्या जागांमध्ये डोकं धरून उभं राहायला लावलं. मग टेप घेऊन खांद्यापासून खांद्यापर्यंत मापं. सगळ्यात थोराड पोरीचं आणि सगळ्यात बारकीचं, दोन्ही. त्यामुळे आता गाद्या पाइपवर बाजूला सरकतात आणि पिन काढून वरखालीही होतात. उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, एवढ्या टप्प्यात कुठेही लावा. वाकल्यावर कोणाचीही खांद्याची पातळी स्वतःच्या कमरेखाली जाता कामा नये हा स्क्रममधला जिवाचा नियम आहे. खांदे खाली गेले की स्क्रम कोसळतो आणि सगळा भार मानेवर येतो. मशीन घ्यायचं खरं कारण हेच आहे. मानेचा धडा जिवंत माणसासमोर गिरवायचा नसतो.

आणखी एक गोष्ट मी सांगितली नव्हती, त्यांनी विचारून काढली. डावीकडच्या टोकाची गादी अख्खी काढता येते. कारण पहिल्या रांगेतल्या दोन प्रॉपचं काम सारखं नसतं. 1 नंबर म्हणजे लूजहेड. त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला मोकळं, एकाच खांद्यावर भार. 3 नंबर टाइटहेड, त्याचं डोकं समोरच्या हुकर आणि प्रॉप यांच्यामध्ये अडकलेलं, दोन्ही खांद्यांवर लोक. स्क्रम स्थिर राहतो तो 3 नंबरच्या जिवावर, आणि चांगला टाइटहेड मिळणं सगळ्यात अवघड. गादी काढली की 1 नंबरला मॅचमधल्यासारखा डावा खांदा मोकळा ठेवून सराव करता येतो. हे मला विकत मिळणाऱ्या मशीनवर सहज मिळालं असतं की नाही देव जाणे.

आता अमेरिकेतल्या पोरांना आणि त्यांच्यामुळे ते बघणाऱ्या इथल्या आईबापांना जागा समजावून सांगायच्या तर मी भाच्याला सांगितलं तसं सांगते. पंधरांच्या रग्बीत पाठीवरचा नंबर म्हणजेच जागा. 1 ते 8 फॉरवर्ड, स्क्रममध्ये हेच आठ. 9 ते 15 बॅक. 1, 2, 3 पहिली रांग. हुकर तुमच्या सेंटरच्या जागी समजा, फक्त तो बॉल हातानं मागे देत नाही, दोघांच्या गळ्यात हात टाकून लोंबकळत टाचेनं ओढतो. लाइनआउटला, म्हणजे बॉल कडेच्या रेषेबाहेर गेल्यावर, तो आत फेकायचं कामही बहुतेक त्याचंच. 4 आणि 5 लॉक, टीममधले उंच लोक. त्यांची डोकी प्रॉप आणि हुकरच्या मांड्यांमध्ये. स्क्रमचं इंजिन हेच. 6 आणि 7 फ्लँकर, कडेला चिकटलेले, बॉल सुटला की सगळ्यात आधी पळणारे. तुमचे लाइनबॅकर. दक्षिण आफ्रिकेत 6 आणि 7 ची कामं उलटी असतात, मॅच बघताना तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो. 8 नंबर सगळ्यात मागे, पायाशी आलेला बॉल तिथेच धरून ठेवायचा की उचलून पळायचं हे तो ठरवतो.

9 नंबर स्क्रम-हाफ. बॉल आत टाकतो, पळत मागे येतो आणि बाहेर काढतो. बहुधा टीममधला सगळ्यात बारका आणि सगळ्यात बडबड्या. 10 नंबर फ्लाय-हाफ, हा तुमचा क्वार्टरबॅक. डाव तो मांडतो. पण त्याला पुढे पास टाकता येत नाही. पुढे न्यायचं तर बॉल घेऊन पळा नाहीतर लाथ मारा. भाच्याला इथे खरा धक्का बसला. "मग वाइड रिसीव्हर काय करतो?" विंगर आहेत की, 11 आणि 14. पळतात तसेच, फक्त पास त्यांच्याकडे बाजूनं किंवा पुढच्या गड्याकडून मागे येतो. 12 आणि 13 सेंटर (तुमच्या सेंटरशी यांचा संबंध नाही), 15 फुलबॅक, म्हणजे बचावात सगळ्यात मागे राहणारा सेफ्टी आणि लाथेनं लांब मारलेला बॉल झेलणारा एकातच.

पण ही जोडी-जोडी लावून झाली की मी ती विसरायला सांगते, कारण दोन ठिकाणी ती फसवते. एक, एनएफएलमधला गार्ड किंवा टॅकल सगळी कारकीर्द बॉलला हात न लावता काढू शकतो. रग्बीत प्रॉपही बॉल घेऊन पळतो, पास देतो, टॅकल करतो. आक्रमणाची टीम वेगळी आणि बचावाची वेगळी ही चैन नाही, तेच पंधरा जण चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन हाफमध्ये दोन्ही करतात. दुसरं, ज्याच्याकडे बॉल नाही त्याला अडवायचं नाही. आपल्या गड्यासाठी वाट करून द्यायला समोरच्याला ढकलणं हा लाइनमनचा सगळा धंदा, आणि रग्बीत तो सरळ फाउल. म्हणून लाइनमनला रग्बीत आणलं की तो पहिल्या मिनिटाला पेनल्टी देतो, आणि तेही अगदी निरागस चेहऱ्यानं.

आमच्या पोरी प्रत्यक्षात खेळतात सेव्हन्स. सात-सात जण, सात मिनिटांचे दोन हाफ, 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे तोच प्रकार. त्यात स्क्रम तिघा-तिघांचा, म्हणजे फक्त पहिली रांग. पण मशीनमागे लॉक आणि फ्लँकर लावून आठांचा सरावही घेते, कारण काही जणींना पुढे पंधरांचं खेळायचंय. एकोणीस वर्षांखालच्यांना स्क्रममध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, म्हणून मिस्त्रींकडून मशीनच्या घसरपट्टीवर दीड मीटरची पांढरी खूण मारून घेतलीय. खुणेला आलं की थांबायचं.

मैदानावर मशीन कसं चालतं? आपल्याकडची काळी माती, उन्हाळ्यात सिमेंट आणि पावसात गोंद. खालच्या पाइपांची टोकं होडीसारखी वर वळवलीत, त्यामुळे गवतावर छान सरकतं. वाळूची पोती टाकून वजन कमी-जास्त करता येतं. भाच्यानं पहिल्याच दिवशी दोन मीटर मागे जाऊन, ओहायो स्टेटच्या टीमचं, बकाईजचं, काहीतरी ओरडत, त्याच्यावर झेप घेतली. मशीन चार बोटं सरकलं. तो खांदा चोळत बाजूला झाला. मग आमच्या प्रॉप आणि हुकरनं त्याला मधे घेतलं, पाठ सपाट करायला लावली, पाय जमिनीत रोवून छोटी पावलं टाकायला लावली आणि मी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हटलं. मशीन सरकत सरकत खुणेपर्यंत गेलं. पोरींचं वजन त्याच्या निम्मंही नसेल.

आता तक्रारी. पहिली तारीख दसऱ्याची होती. मशीन हातात आलं तेव्हा थंडी पडली होती. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि दारात तुटलेला हूक घेऊन शेतकरी उभा असताना मिस्त्री शाळेचं काम हातात घेणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, पण मग तारीख द्यायचीच कशाला? दर वेळी फोन केला की "मॅडम, उद्या या, प्रायमर मारलाय." प्रायमर महिनाभर ओलाच होता बहुधा.

दुसरी, रेग्झिनची शिवण. लोखंडाचं काम त्यांचं, गाद्या मात्र त्यांनी बाहेर एका कुशनवाल्याकडून करून घेतल्या. फोम चांगला कडक आहे, पण शिवण दोन महिन्यांत उसवली. आता मोच्याकडून डबल दोऱ्यानं मारून घेतलीय. तिसरी, चाकं नाहीत. कडेला न्यायचं तर आठ जणी लागतात, आणि त्या आठ जणींना ते नेणं सरावापेक्षा जास्त आवडतं ही वेगळी गोष्ट. चौथी, बिल. मला शाळेत दाखवायला जीएसटीचं पक्कं बिल हवं होतं, ते आधी सांगूनही हाती आला वहीचा कागद. ते बदलून घेण्यात ऑफिसमधल्या क्लार्कची बोलणी मी खाल्ली.

रंगाबद्दल तक्रार म्हणू की कौतुक, कळत नाही. निळा सांगितला होता. उरलेला ट्रॉलीचा केशरी मारलाय, आणि आडव्या पाइपवर पेंटरनं सवयीनं 'आईचा आशीर्वाद' लिहून दोन्ही बाजूंना कमळं काढलीत. पोरी पुसू देत नाहीत. स्क्रममध्ये शिरताना हुकरच्या डोळ्यासमोर नेमका 'आशीर्वाद' येतो.

सगळं मिळून 38 हजार पडले, वर छोट्या हत्तीचं भाडं वेगळं. परदेशी बनावटीच्या मशीनची चौकशी केली होती, तो आकडा मी मुख्याध्यापकांना सांगितलाच नाही. हे विकणारेही नाहीत आपल्याकडे कोणी, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तरी मला सापडले नाहीत.

कोणाला करून घ्यायचं असेल तर फोटो नेऊ नका, पोरं न्या. उन्हाळ्यात जा, मे महिन्यात मिस्त्री निवांत असतात. गाद्या स्वतः शिवून घ्या, त्यांच्यावर सोडू नका. चाकांचं आधीच बोला, नंतर लावायची तर सांगाडा पुन्हा कापावा लागतो. पक्क्या बिलाचं कागदावर लिहून घ्या. आणि आगाऊ निम्मेच द्या, बाकीचे मशीन छोट्या हत्तीवर चढल्यावर.